मोटारीचा कांटा खरें सांगतो काय?

गेल्या उन्हाळ्यांतली गोष्ट. माझ्या वहिनी आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, पांचगणीहून वाईस परत येत होते. गाडी माझ्या कैलासवासी थोरल्या बंधूंची, विलायतेंत तयार झालेली १९५६ सालची मॉरिस मायनर. पसरणीचा घाट उतरत असतां एका वळणाच्या अलीकडे वहिनी म्हणाल्या, "अरे, जरा हळू घे." चिरंजीवांनीं कांट्याकडे बोट दाखविलें. "आई, वीसच मैलांचा वेग आहे, हा बघ." वहिनींनीं कांट्याकडे पाहिलें नाहीं, बाहेर पाहिलें. त्या जागेवर बसून त्यांनीं चाळीस वर्षें हा घाट उतरलेला आहे. "कांटा कांहींहि म्हणो," त्या म्हणाल्या, "वीस मैलांनीं झाडें अशीं मागें पळत नाहींत." पुतण्यानें वैतागून मीटरच्या कांचेवर टिचकी मारली, आणि कांटा एकदम उसळी घेऊन पस्तिसांवर जाऊन बसला!

वीस मैल म्हणजे ताशीं सुमारें ३२ किलोमीटर. पस्तीस म्हणजे ५६. मायनरच्या चारी चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रमचे ब्रेक आहेत. उतारावर ते सारखे दाबीत राहिलें तर तापतात आणि त्यांची पकड ढिली पडते. त्या वळणावर कांहीं झालें नाहीं, हें नशीब. स्पीडोमीटर, म्हणजे वेगमापक, सपशेल बंद पडला तर फारसें बिघडत नाहीं. मेलेला कांटा पाहून मनुष्य आपोआप सावध होतो. भय आहे तें हालणाऱ्या, जिवंत दिसणाऱ्या, आणि तरीहि खोटें सांगणाऱ्या कांट्याचें.

दुसऱ्या दिवशीं गाडी एका गॅरेजांत गेली. तेथील मिस्त्रीनें पान्याला हातहि न लावतां निकाल दिला: मीटर गेला, केबलहि गेली असेल; दोन्ही काढून टाकूं आणि दुसऱ्या एका जुन्या गाडीचा मीटर बसवूं. रात्रीं वहिनींचा मला पुण्यास फोन आला. "भावोजी, त्या मीटरांत यांचे मैल आहेत. तो काढून टाकायचा म्हणतात. तुम्ही एकदां येऊन पाहाल का?"

'यांचे मैल' या शब्दांचा अर्थ सांगितला पाहिजे. बंधू डॉक्टर होते. वाईच्या आसपासच्या खेड्यांतून रोग्यांना पाहावयास ते या गाडींतून जात, आणि प्रत्येक फेरीनंतर मीटरच्या खिडकींतला आंकडा एका वहींत टिपून ठेवीत. तारीख, गांवाचें नांव आणि मैल, एवढेंच. वहींतील शेवटचा आंकडा आणि मीटरमधील आंकडा यांचें नातें तुटूं नये, असें वहिनींस वाटत होतें. मीं आयुष्यभर शाळेंत गणित आणि शास्त्र हे विषय शिकविले. मोटारीचा मिस्त्री मी नव्हें. परंतु निदान होण्यापूर्वीं औषध देऊं नये, इतकें डॉक्टरांच्या घरांत वावरून मला कळत होतें.

आधीं हें यंत्र चालतें कसें तें पाहूं. मायनरसारख्या जुन्या गाडींत मागच्या चाकांना फिरविणारा दांडा गिअर-बॉक्सच्या पाठीमागून निघतो. निघतांना तो एका लहानशा दंतचक्राला फिरवितो. त्या चक्राला एक लांब केबल जोडलेली असते. बाहेरून नळी आणि आंत पोलादी तारा पिळून केलेली दोरी. गाडी चालली कीं ही दोरी नळीच्या आंत गरगर फिरते आणि आपलें फिरणें थेट डॅशबोर्डावरील मीटरपर्यंत पोंचविते. मीटरमध्यें शिरल्यावर या फिरण्याचे दोन वांटे होतात. एक वांटा बारीक दंतचक्रांतून आंकड्यांच्या चाकांकडे जातो आणि मैल मोजतो. हा सारा व्यवहार दांत्याला दांता लावून चाललेला. त्यांत घसरणें नाहीं, अंदाज नाहीं. दुसरा वांटा कांट्याकडे जातो, आणि गंमत अशी, कीं तेथें फिरणारा भाग आणि कांटा यांचा एकमेकांस स्पर्शच होत नाहीं.

दोरीच्या जोरावर मीटरमध्यें एक लोहचुंबक फिरत असतो. त्याला न शिवतां, पण अगदीं निकट, ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी असते आणि वाटीच्या आंसावर कांटा बसविलेला असतो. आतां ॲल्युमिनियमला चुंबक ओढीत नाहीं, हें चौथींतला मुलगाहि सांगेल. तरीसुद्धां चुंबक फिरूं लागला कीं वाटी त्याच्या मागोमाग जाऊं पाहते. याचें मूळ १८२४ सालांत आहे. आरागो या फ्रेंच शास्त्रज्ञास असें आढळलें, कीं तांब्याची तबकडी फिरविली म्हणजे तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागें ओढली जाते. कां, तें मात्र फॅरडेच्या १८३१ सालच्या प्रयोगांनीं उलगडलें. हालता चुंबक धातूंत विजेचे भोंवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न करतो, आणि ते प्रवाह स्वतःच चुंबकासारखे वागून त्याच्याशीं झोंबूं लागतात. या तत्त्वावर ओटो शुल्झ या जर्मन संशोधकानें १९०२ सालीं वेगमापकाचें पेटंट घेतलें, आणि पुढें बहुतेक सर्व देशांच्या गाड्यांत तीच रचना रूढ झाली.

वाटीला पूर्ण फेरा घेऊं द्यावयाचा नसतो. म्हणून घड्याळांत असते तसली केसासारखी बारीक कमान तिला मागें ओढून धरते. चुंबक जितका जोरानें फिरेल तितकी वाटी कमानीविरुद्ध पुढें सरकते, आणि जेथें दोघांचें बळ समान होतें तेथें कांटा उभा राहतो. म्हणजे कांटा जें दाखवितो तें एका रस्सीखेंचीचा निकाल आहे. वर्षानुवर्षांनीं चुंबक क्षीण झाला तर कांटा वेग कमी दाखवूं लागतो. कमान ढिली झाली तर जास्त.

हें ध्यानांत आलें म्हणजे निदानाची किल्ली हातीं येते. मीटरमध्यें दोन साक्षीदार बसलेले आहेत: एक मैलांचे आंकडे, दुसरा कांटा. दोघांनाहि बातमी एकाच दोरीनें मिळते; परंतु सांगण्याची रीत दोघांची अगदीं निराळी. तेव्हां दोघांची जबानी स्वतंत्रपणें घ्यावी आणि मग ताडून पाहावी.

दोघेहि गप्प असतील, तर दोष बहुधा मीटरमध्यें नसतो. केबल मीटरच्या पाठीमागें एका खांचेदार नटानें बसविलेली असते. तो नट नुसता सैल झालेला पुष्कळदां आढळतो, आणि बोटांनीं आवळला कीं काम भागतें. तसें नसेल तर दोरी तुटली असेल, तिचें चौकोनी टोंक झिजून गोल झालें असेल, किंवा क्वचित् गिअर-बॉक्सकडील दंतचक्राचे दांते गेले असतील. केबल मीटरपासून सोडवावी, गाडी सपाट जागेवर न्यूट्रलमध्यें ठेवून दोघांनीं हातभर ढकलावी, आणि तिसऱ्यानें दोरीच्या टोंकाकडे पाहावें. टोंक फिरलें तर दोष मीटरांत. न फिरलें तर खालीं. डॅशबोर्डामागें हात घालण्यापूर्वीं बॅटरीची एक तार सोडून ठेवावी. तेथें उघड्या तारा असतात.

मैल मोजले जात आहेत आणि कांटा मात्र निपचित पडला आहे, असें असेल तर केबलला दोष देणें हा शुद्ध अन्याय होय. ती काम करीत नसती तर आंकडे हालले कसे असते? उलट कांटा चालतो आणि आंकडे थिजले, तर आंकड्यांचीं चक्रें बिघडलीं एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही चालतात पण कांटा थरथरतो, हळू जातांना दहा आणि वीस यांच्या दरम्यान झोके घेतो, अशी तक्रार सर्वांत अधिक येते. तेव्हां दोरी कोरडी पडलेली असते किंवा नळीला कोठें तरी फार आखूड वळण बसलेलें असतें. अडखळत फिरणारी दोरी पीळ सांठविते आणि मग एकदम सोडून देते. तोच हिसका कांट्यांत दिसतो. नळीचें वळण सहा इंचांच्या त्रिज्येहून आखूड नसावें.

आतां आमच्या मायनरकडे वळूं. पुतण्याला घेऊन मी सुरूरच्या फाट्यावरून पुणें-सातारा रस्त्यावर गेलों. आधीं आंकड्यांची जबानी. या गाडीच्या मीटरांत मैलाचे दशांश नाहींत, म्हणून शेवटचा आंकडा खिडकीच्या बरोबर मध्यावर येतांच एका किलोमीटरच्या दगडापासून मोजणी सुरू केली आणि १६ किलोमीटर गेलों. १६ किलोमीटर म्हणजे जवळजवळ १० मैल. फरक शेंकडा एकाहूनहि कमी. दहावा मैल खिडकींत बरोबर भरला. या एका गोष्टीनें दंतचक्र, केबल आणि टायर हे तिन्ही आरोपी निर्दोष सुटले. मिस्त्रीबोवा बदलूं म्हणत होते ती केबल ठणठणीत होती.

मग कांट्याची उलटतपासणी. आजकाल मोबाइल फोन उपग्रहांच्या साहाय्यानें वेग दाखवितो आणि सरळ रस्त्यावर, एकसारख्या वेगानें जात असतां, तो पुष्कळ विश्वसनीय असतो. परंतु मला घड्याळाची खोड. वेग स्थिर ठेवावा, शेजारी बसलेल्यानें एक किलोमीटर काटावयास किती सेकंद लागले तें मोजावें, आणि २२३७ या संख्येला त्या सेकंदांनीं भागावें. उत्तर ताशीं मैलांत मिळतें. ७५ सेकंद लागले तर वेग तीस मैलांचा, ५६ लागले तर चाळिसांचा. २२३७ ही संख्या कोठून आली, तें घरांतील मुलांस काढावयास सांगावें. उदाहरण चांगलें आहे. आम्हांस ५६ सेकंद लागले, आणि कांटा दाखवीत होता सव्वीस! टिचकी मारतांच तो एक्केचाळिसांवर गेला. वेग अर्धा केला तरी तो तेथून उतरेना.

झालें. मैल खरे, कांटा खोटा, आणि टिचकी मारल्यावर तोहि खरा. चुंबक किंवा कमान बिघडली असती तर चूक नेहमीं एकाच बाजूस झाली असती आणि टिचकीनें सुधारली नसती. आमचा कांटा चढतांना मागें राहत होता आणि उतरतांनाहि मागें राहत होता. म्हणजे तो कोठें तरी चिकटत होता. घरीं येऊन केबल सोडविली आणि मीटरच्या भोंकांत दोरीचा एक लहान तुकडा घालून बोटांच्या चिमटींत गरकन् फिरविला. निरोगी मीटरचा कांटा याबरोबर चटकन् उठतो आणि सोडतांच शून्यावर येतो. एका बाजूस फिरवून तो उठला नाहीं तर दुसऱ्या बाजूस फिरवून पाहावें. सर्व मीटर एकाच दिशेनें फिरत नाहींत. आमचा कांटा नाखुषीनें उठला आणि दहावरच थबकला. त्या भोंकाच्या कडेला काळा, डांबरासारखा घट्ट झालेला ग्रीसचा थर दिसत होता.

हा ग्रीस तेथें कोणीं घातला? श्रोतेहो, तो मीं घातला होता. तीन वर्षांपूर्वीं याच गाडीचा कांटा थरथरतो म्हणून मीं आंतली दोरी बाहेर काढली, आणि कंजुषी नको म्हणून टोंकापासून टोंकापर्यंत ग्रीसनें माखून परत घातली. कांट्याची थरथर थांबली आणि मी स्वतःवर खूष झालों. पण पीळ दिलेली दोरी नळींत फिरूं लागली म्हणजे ती मळसूत्रासारखी वागते. ग्रीस हळूहळू वर चढवीत नेते. तो मीटरमध्यें शिरतो, ताजा असतां चुंबक आणि वाटी यांच्या मध्यें येऊन कांट्याला भलताच वर ढकलतो, आणि वाळला कीं आंसाला गोंदासारखा धरून ठेवितो. घाटांतल्या त्या पंधरा मैलांच्या चुकीचें मूळ असें माझ्याच उदारपणांत निघालें. वहिनींना मीं तें सांगितलें. त्या एवढेंच म्हणाल्या, "म्हणजे मीटर चांगला आहे ना?"

तेव्हां ज्यांच्या घरीं अशी गाडी आहे त्यांनीं नीट लक्षांत ठेवावें. दोरी पूर्ण बाहेर काढून रॉकेलनें स्वच्छ करावी, दोन बोटांत ग्रीस घेऊन नुसता हात फिरेल इतकाच लावावा, आणि मीटरकडील शेवटचे २० सेंटिमीटर कोरडे पुसून ठेवावे. परत बसवितांना दोरीचें टोंक नळीच्या बाहेर सुमारें एक सेंटिमीटर आलें पाहिजे. त्याहून फार कमी असेल तर खालचें टोंक नीट बसलेलें नाहीं असें समजावें. मीटरच्या आंत फवाऱ्याचें तेल तर मुळींच मारूं नये.

मिस्त्रीच्या दुसऱ्या उपायाविषयीं, म्हणजे 'दुसऱ्या गाडीचा मीटर बसवूं' याविषयीं, थोडें सांगितलें पाहिजे, कारण जुन्या गाड्या बाळगणारे पुष्कळ लोक येथेंच फसतात. विलायती स्मिथ्स मीटरच्या तबकडीवर खालच्या बाजूस बारीक अक्षरांत एक संख्या छापलेली असते. दोरीचे किती फेरे झाले म्हणजे हा मीटर एक मैल मोजतो, ती ही संख्या. दोन मीटर दिसावयास जुळे भाऊ असूनहि ही संख्या निराळी असूं शकते. समजा, गाडीची दोरी मैलाला १००० फेरे घेते आणि मीटर आहे १६०० फेऱ्यांचा. गाडी साठ मैलांनीं धांवत असतां कांटा साडेसदतीस दाखवील! घाटांतल्या चिकटलेल्या कांट्याला निदान टिचकी तरी होती; येथें टिचकीहि उपयोगाची नाहीं.

जुनी गाडी विकत घेतली असेल आणि मीटर तिचाच आहे कीं नाहीं अशी शंका असेल, तर परीक्षा सोपी आहे. मैलाचा शंभरावा भाग म्हणजे ५२ फूट आणि साडेनऊ इंच, मेट्रिक मापांत १६ मीटर ९ सेंटिमीटर. एवढें अंतर जमिनीवर खडूनें आंखावें, मीटरपासून सोडविलेल्या दोरीच्या टोंकाला कागदाचें निशाण चिकटवावें, आणि गाडी न्यूट्रलमध्यें ढकलीत नेऊन निशाणाचे फेरे मोजावे. फेऱ्यांना शंभरानें गुणिलें कीं गाडीची संख्या मिळाली. ती तबकडीवरील संख्येच्या जवळपास असली पाहिजे. एकच मागचें चाक जॅकनें उचलून हातानें फिरविण्याचा आळस कोणी करूं नये. दुसरें चाक जमिनीवर अडलेलें असल्यामुळें डिफरन्शियल आपला खेळ करतो आणि फेरे निम्मेच मिळतात.

टायर बदलल्यानेंहि हिशेब बदलतो. चाकाचा घेर शेंकडा पांचानें वाढला तर खऱ्या साठ मैलांना कांटा सत्तावन्न दाखवितो. पण तेव्हां मैलांचे आंकडेहि त्याच प्रमाणांत चुकतात, आणि त्यावरूनच तो दोष ओळखावा. कांटा थोडासा जास्त दाखवीत असेल तर मात्र घाबरूं नये. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांतसुद्धां मीटरनें खऱ्या वेगाहून कमी केव्हांहि दाखवूं नये, जास्त मात्र खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशीं ४ किलोमीटर इथपर्यंत दाखविण्यास हरकत नाहीं, असें ठरलेलें आहे. चूक व्हावयाची ती सावधपणाच्या बाजूस व्हावी, असा त्यांत धोरणीपणा आहे.

मीटर मीं पुण्यास आणून एका वृद्ध घड्याळजींच्या हवालीं केला. घरीं उघडण्याचा मोह मला झाला नाहीं असें नाहीं. पण ती केसासारखी कमान एकदां वांकडी झाली कीं संपलें, आणि कांटा उपसून काढला तर शून्याची जागा हरवते. ज्यांच्याकडे १९३०-४० च्या सुमाराच्या गाड्या आहेत त्यांनीं तर अधिकच जपावें. त्या काळच्या पुष्कळ तबकड्यांवर अंधारांत चमकणारा रंग रेडियमचा असे. चमक केव्हांच विझली तरी रेडियम विझलेला नसतो. त्याचें बळ निम्मे होण्यास १६०० वर्षें लागतात. असा रंग खरवडूं नये, त्याची धूळ श्वासांत जाऊं देऊं नये.

घड्याळजींनीं आंस स्वच्छ केला, वाटी पुसली, आणि जातां जातां विचारलें, "आंकडे शून्यावर आणून देऊं का? सगळे सांगतात." सगळे कां सांगतात तें मला ठाऊक होतें, कमी मैल दिसले कीं गाडीला किंमत जास्त येते. मीं नको म्हटलें.

मीटर परत बसवून आम्ही तोच रस्ता तसाच घड्याळ लावून फिरलों. खऱ्या तिसांना कांटा बत्तीस दाखवितो, चाळिसांना बेचाळीस; उतरतांना अडत नाहीं. तसाच ठेवावयाचें ठरलें. घरीं पोंचल्यावर वहिनींनीं बंधूंची वही आणि चष्मा मागविला, बाहेर जाऊन खिडकींतला आंकडा वाचला, आणि बंधूंच्या शेवटच्या ओळीखालीं आपल्या हातानें लिहिलें: तारीख, सुरूर, मैल.